वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया
(छळाच्या काळातील प्रार्थनेचे सामर्थ्य आणि तिचे गूढ)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची ही स्मरणिका सिद्ध होत असता तीत एखाद्या संताचे चरित्र असावे, असे मंडळींनी सुचविले व ते लिहिण्याचे काम मजकडे आले. तेव्हा माझ्या मनात एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांची कथा सांगत होतो. सव्वीस जणांना एकाच दिवशी, एकाच टेकडीवर, क्रूसांवर चढविण्यात आले आणि ते सर्व प्रार्थना करीत व स्तोत्रे गात मरण पावले, असे सांगून मी थांबलो. मागल्या रांगेतील एका मुलीने हात वर केला. इतक्या जणांनी एकाच वेळी प्रार्थना केली असता देवाने त्यांतील एकालाही का वाचविले नाही, असे तिने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नसावे. कारण खरे सांगायचे तर ते मलाही पुरतेपणी पटले नव्हते.

तो प्रश्न लेकराचा होता, पण पोरकट नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी रात्ररात्र जपमाळ म्हणूनही ज्या घरचे माणूस हाती लागले नाही, त्या घरांत हाच प्रश्न मी आसवांच्या भाषेत ऐकला आहे. म्हणून ह्या मंगल प्रसंगी त्याच संताचे चरित्र पुन्हा एकवार आरंभापासून सांगावे, आणि त्या मुलीचा प्रश्न उराशी धरूनच ते सांगावे, असे मी योजिले आहे.

जन्म व बालपण

पश्चिम किनाऱ्यावरील वसई हे बंदर सन १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांच्या हाती गेले. पुढे तेथे भक्कम कोट उभा राहिला, देवालये व मठ बांधले गेले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय त्या भूमीस लागले होते. अशा ह्या वसईत सन १५५६-५७च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच, कोंकणच्या मातीतली होती. वडिलांचा देश समुद्रापलीकडे आणि आईचा देश पायांखाली, अशा दोन कुळांच्या संगमावर हे मूल वाढले. दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याचा जो योग त्यांच्या नशिबी पुढे आला, त्याचा पाया असा घरातच घातला गेला होता.

कोटातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांनी त्यांस पोटच्या मुलासारखे सांभाळले व धर्माचे धडे दिले. कोटातील त्या येशूसंघीय देवालयाला आज संत गोन्सालो गार्सिया यांचेच नाव आहे. ज्या ठिकाणी हा मुलगा हात जोडावयास शिकला, तेथेच आज लोक त्याच्या नावाने हात जोडतात.

जपानला प्रयाण आणि पहिली निराशा

सन १५७२च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, गोन्सालो येशूसंघीय मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले. त्या देशात सन १५४९ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांनी शुभवर्तमानाचे बी पेरले होते व ते जोमाने वाढत होते. गोन्सालो यांनी जपानी भाषा अल्पावधीतच आत्मसात केली. त्यांच्या बोलण्यातील गोडव्यामुळे लोक त्यांच्याभोवती जमत. सुमारे आठ वर्षे त्यांनी तेथे धर्मशिक्षकाचे काम निष्ठेने केले.

येशूसंघात आपणास प्रवेश मिळावा, ही त्यांची अंतरीची इच्छा होती. ती सफळ झाली नाही. वर्षामागून वर्षे गेली; सेवा चालू राहिली, पण दार उघडले नाही. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. संतांच्या चरित्रांत त्यांच्या ऐकल्या गेलेल्या प्रार्थना आपण मोठ्या आवडीने वाचतो. परंतु ह्या संताच्या तारुण्याचा आरंभच एका न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेने झाला. देवाला वाहिलेले जीवन त्यांनी देवाजवळच मागितले होते. धन नव्हे, मान नव्हे. तरीही उत्तर आले नाही.

अखेर त्यांनी येशूसंघीयांचा निरोप घेतला आणि व्यापारात पाऊल टाकले. धंद्यास बरकत आली, पैसा हाती खेळू लागला, पूर्वेकडील बंदरांतून त्यांचे येणेजाणे सुरू झाले. जगाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे उत्तम चालले होते. परंतु व्यापारानिमित्त ते फिलिपाइन्समधील मनिला शहरी जात-येत असता तेथील फ्रान्सिस्कन साधूंशी त्यांचा परिचय झाला आणि जुनी ओढ पुन्हा जागी झाली. जे दार त्यांनी ठोठावले होते ते बंदच राहिले. दुसरे दार मात्र उघडे होते. व्यापार सोडून, कमरेस दोरी बांधून, ते फ्रान्सिस्कन संघात सामील झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून.

धर्मबंधूची प्रार्थना

धर्मबंधू म्हणजे काय, हे आपल्या तरुण वाचकांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. जो धर्मबंधू असतो तो मिस्साबली अर्पण करीत नाही. मठातील स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची शुश्रूषा, भिक्षा मागणे ही त्याची कामे. संघाच्या संस्थापकांनी, असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी, सन १२२३च्या आपल्या नियमावलीत अशा बंधूंकरिता प्रार्थनेची एक वेगळी रीत घालून दिली. धर्मगुरूंनी लॅटिन स्तोत्रांची नित्योपासना म्हणावी; जे ती म्हणू शकत नाहीत अशा बंधूंनी प्रभूने शिकविलेली प्रार्थनाच म्हणावी. पहाटेपूर्वीच्या उपासनेच्या वेळी २४ वेळा, प्रभातसमयी ५ वेळा, दिवसाच्या चार प्रहरांस प्रत्येकी ७ वेळा, सायंकाळी १२ वेळा आणि निजण्यापूर्वी ७ वेळा. बेरीज केली तर दिवसाकाठी ७६ वेळा होते.

जी प्रार्थना आपल्या घरचे चार वर्षांचे पोर बोबड्या बोलांनी म्हणते, तीच गोन्सालो ह्या मठात रोज म्हणू लागले. हातात ग्रंथ नको, विद्वत्ता नको, दिवाबत्तीही नको. भाजी चिरताना, कुष्ठरोग्याच्या जखमा धुताना, वाट चालताना ती म्हणता येते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ह्या चरित्राचे मर्म पुढे तेथेच सापडणार आहे.

मनिलामध्ये कुष्ठरोग्यांची सेवा त्यांनी प्रेमाने केली. परंतु त्यांची जपानी भाषा हे जे धन त्यांनी तारुण्यात कमावले होते, ते वाया जावयाचे नव्हते.

दुभाषी

त्या वेळी जपानवर टोयोटोमी हिदेयोशी याची सत्ता होती. सामान्य कुळात जन्मून पराक्रमाने सर्व देश एकछत्री करणारा हा पुरुष जितका कर्तृत्ववान तितकाच संशयी होता. सन १५८७ मध्ये त्याने परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला होता. मात्र त्याची अंमलबजावणी त्याने सक्तीने केली नव्हती. आता फिलिपाइन्सच्या स्पॅनिश सत्तेने आपले स्वामित्व मान्य करावे, अशी मागणी तो करू लागला. त्याच्याशी बोलणे करण्यासाठी मनिलाच्या गव्हर्नराने सन १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस वकील म्हणून पाठविले. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून गोन्सालो गेले.

ज्या मुलाला मठाच्या दारातून वर्षानुवर्षे आत घेतले गेले नाही, तो आता एका बलाढ्य राज्यकर्त्यापुढे उभा राहून दोन राष्ट्रांचे शब्द इकडून तिकडे पोहोचवीत होता. भेट यशस्वी झाली. फ्रान्सिस्कन बंधूंना राजधानी क्योटो येथे राहण्याची अनुज्ञा व जागा मिळाली. तेथे त्यांनी देवदूतांची राणी पवित्र मरिया हिच्या नावाने लहानसे देवालय व मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ज्यांना रस्त्यावर टाकून दिले जाई, त्यांना ह्या साधूंनी छपराखाली आणले. गोन्सालो हे त्या सर्व कार्याची जीभ होते. धर्मगुरू बोलत ते लोकांस त्यांच्याच मुखातून समजे. लोकांचे दुःख धर्मगुरूंस त्यांच्याच मुखातून कळे.

वादळ

सन १५९६च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे एक मोठे स्पॅनिश गलबत, मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता, वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर येऊन फुटले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवितो व मागून सैन्य पाठवून देश काबीज करतो, अशा आशयाचे बोलणे गलबताच्या सुकाणूवाल्याने केले, अशी वार्ता हिदेयोशीच्या कानी गेली. त्या काळी युरोपीय सत्तांनी समुद्रापारचे अनेक मुलूख गिळले होते, ही गोष्ट खरी होती. तेव्हा राज्यकर्त्याच्या मनातील भय अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. परंतु त्या भयाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या हाती तलवार नव्हती. कुष्ठरोग्यांच्या जखमांवर बांधण्याच्या चिंध्या होत्या.

डिसेंबरात मठावर पहारे बसले आणि मग मृत्युदंडाचा हुकूम निघाला. क्योटो व ओसाका येथून चोवीस जणांना धरण्यात आले. सन १५९७च्या ३ जानेवारीस क्योटोच्या चव्हाट्यावर प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि लोकांस दहशत बसावी म्हणून त्यांस गाड्यांतून नगराच्या रस्त्यांनी फिरविण्यात आले. त्यानंतर त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले.

ती वाट सुमारे आठशे किलोमीटरांची. आपल्या अर्धापूरहून निघून मुंबई गाठली तरी ज्याहून पुष्कळ कमी अंतर भरेल, इतकी लांब. ऐन हिवाळा, बोचरे वारे, कानाची जखम ओली, आणि प्रत्येक गावात पाहणाऱ्यांची गर्दी. असे जवळजवळ महिनाभर ते चालत होते, आणि वाटेने स्तोत्रे व प्रार्थना म्हणत होते. वाटेत एक विलक्षण गोष्ट घडली. कैद्यांची सेवाचाकरी करण्यासाठी दोन जपानी भाविक बरोबर चालत होते. त्यांनाही पहारेकऱ्यांनी धरले. आणि त्यांनी सुटकेची धडपड केली नाही. चोवीसांचे सव्वीस झाले. मृत्यूकडे जाणाऱ्या मिरवणुकीतील माणसे वाटेत घटावीत हे स्वाभाविक. येथे ती वाढली.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते: चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेले व एक आपले वसईकर. तिघे येशूसंघाचे जपानी सभासद होते. त्यांत वक्तृत्वाविषयी प्रसिद्ध असलेले संत पॉल मिकी होते. उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक होते: सुतार, आचारी, वैद्य, धर्मशिक्षक आणि काही कोवळी मुले. सर्वांत धाकटा लुईस अवघ्या बारा वर्षांचा होता. ज्या संघाने गोन्सालो यांस एकदा प्रवेश दिला नव्हता, त्याच संघाचे तिघे आता त्यांच्यासोबत एकाच दोरीने बांधलेल्या माणसांसारखे चालत होते. जपानमधील कार्याच्या पद्धतीवरून ह्या दोन संघांत मतभेद होते, हे इतिहासास ठाऊक आहे. क्रूसाच्या वाटेवर मतभेदांचे ओझे कोणी वाहून नेत नाही.

थॉमस कोझाकी नावाचा एक मुलगा आपल्या पित्याबरोबर त्या जथ्यात होता. वाटेत त्याने आईला पत्र लिहिले. ते पुढे त्याच्या पित्याच्या रक्ताने भिजलेल्या वस्त्रांत सापडले. आईने आपली चिंता करू नये, धाकट्या भावांस धर्मात सांभाळावे, आणि मरणसमयी पापनिवेदन ऐकावयास धर्मगुरू मिळाले नाहीत तरी भिऊ नये. पापांबद्दल मनापासून पश्चात्ताप करून ख्रिस्ताची भक्ती धरली असता तारण आहे, असे त्या बालकाने आईला कळविले होते. पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा नकळत एका राष्ट्राच्या पुढील अडीच शतकांचा धर्मोपदेश लिहून गेला.

निशिझाकाची टेकडी

सन १५९७च्या फेब्रुवारीची ५ तारीख. नागासाकीच्या बाहेर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडून ठेविले होते. तत्कालीन वृत्तांतात सांगितले आहे की, त्या ठिकाणी सर्वांआधी गोन्सालो पोहोचले व थेट एका क्रूसापाशी गेले. हाच आपला क्रूस काय, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता; त्यांस दुसऱ्या क्रूसाकडे नेण्यात आले. तेव्हा त्यांनी गुडघे टेकले आणि त्या लाकडास मिठी मारली. ते पाहून एकामागून एक इतरांनीही तसेच केले.

आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द वाहून नेणाऱ्या ह्या दुभाष्याने आपल्या मरणाच्या वेळी जे केले, त्याला कोणत्याही भाषेची गरज उरली नव्हती. स्पॅनिश, पोर्तुगीज, जपानी, सर्वांना ते समजले.

क्रूस उभे राहिले. कोणी ख्रिस्ताच्या स्तुतीचे स्तोत्र सुरू केले, बालकांनी त्यांना शिकविलेले स्तोत्र गाइले, पॉल मिकी यांनी क्रूसावरून शेवटचे प्रवचन केले व मारणाऱ्यांस क्षमा केली. खाली जमलेले भाविक येशू व मरिया ह्यांची पवित्र नावे घेत होते. मग भालाईत दोन दोन करून पुढे सरसावले. भाल्यांचे घाव बरगड्यांतून आरपार गेले, आणि थोड्याच वेळात सर्व शांत झाले. आकाश दुभंगले नाही, भाले बोथट झाले नाहीत, कोणी क्रूसावरून खाली उतरला नाही. गोन्सालो यांचे वय तेव्हा चाळीसच्या घरात होते.

त्यानंतर काय झाले?

माझ्या वर्गातील त्या मुलीस मी कथा येथपर्यंतच सांगितली होती. चूक माझी होती. कथा येथे संपत नाही.

मात्र पुढची कथाही प्रथम सुखाची नाही. सन १६१४ मध्ये जपानच्या नव्या तोकुगावा राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. त्याच निशिझाका टेकडीवर सन १६२२ मध्ये पंचावन्न जणांना ठार मारण्यात आले. देवालये पाडली गेली. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा भुईवर ठेवून तीवर पाय द्यावयास लोकांस भाग पाडण्यात येई; जो कचरेल तो ख्रिस्ती समजला जाई. सन १६४४ मध्ये लपून राहिलेले अखेरचे धर्मगुरूही मारले गेले. आता त्या देशात मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, महागुरू नाहीत, ग्रंथ नाहीत. सव्वीस जणांच्या प्रार्थना तर विफल झाल्याच, पण त्यांनी ज्यासाठी प्राण दिला ते सर्वही पुसून गेले, असे त्या वेळी कोणीही म्हटले असते.

परंतु एक गोष्ट उरली होती. शेतकऱ्यांच्या व कोळ्यांच्या झोपड्यांतून, दारे लावून, दबल्या आवाजात प्रार्थना चालू होती. नागासाकीजवळच्या उराकामी गावात लोकांनी आपसांत कामे वाटून घेतली: एकाने सणवारांची गणना ठेवावी, एकाने मुलांना स्नानसंस्कार द्यावा, एकाने घरोघर निरोप पोहोचवावा. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, पश्चात्तापाची प्रार्थना, हे सर्व आई मुलाला तोंडपाठ शिकवी. त्यातील लॅटिन व पोर्तुगीज शब्दांचे उच्चार पिढ्यानुपिढ्या झिजून ओळखू येईनासे झाले, तरी ते शब्द टाकले गेले नाहीत. कित्येकांनी कनोन ह्या बौद्ध देवतेच्या मूर्तीत, कडेवर बाळ घेतलेल्या स्त्रीच्या रूपात, पवित्र मरियेस पाहिले आणि तिच्यापुढे हात जोडले. धर्मगुरू नसताना पश्चात्ताप पुरेल, हे थॉमसने आईला लिहिले होते. सगळ्या समाजाने ते आचरून दाखविले. धर्मगुरूंचे स्तोत्रग्रंथ जळाले; धर्मबंधूची, तोंडपाठ म्हणावयाची ती साधी प्रार्थना टिकली.

अशी दोनशेहून अधिक वर्षे गेली. इकडे ख्रिस्तसभेने सन १६२७ मध्ये ह्या रक्तसाक्षींना धन्यपद दिले, आणि सन १८६२च्या ८ जूनला पोप नववे पायस यांनी त्या सव्वीसही जणांना संतपदी चढविले. आपल्या भूमीत जन्मलेले पहिले संत ते हेच, वसईचे गोन्सालो. दरम्यान जपानची बंदरे परदेशीयांस उघडली होती. परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीतील ओउरा येथे फ्रेंच मिशनऱ्यांनी एक देवालय बांधले व ते सन १८६५च्या फेब्रुवारीत ह्याच सव्वीस संतांच्या नावाने आशीर्वादित करण्यात आले. देशी लोकांवरील बंदी अजून कायम होती.

१७ मार्च १८६५ रोजी, मध्यान्हीच्या सुमारास, पंधराएक गावकरी त्या देवालयाच्या दाराशी येऊन उभे राहिले. फादर पेतिजाँ यांनी त्यांस आत घेतले व स्वतः वेदीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तेव्हा एक स्त्री त्यांच्याजवळ आली आणि छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली की, आम्हा सर्वांचे हृदय आपल्या हृदयासारखेच आहे. आणि तिने विचारले की, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? फादर त्यांना मूर्तीपाशी घेऊन गेले. मरियेच्या कडेवरील बाळ येशूला पाहून त्यांचा आनंद गगनात मावेना. ते लोक उराकामीचे होते. आपण सध्या दुःखाच्या ऋतूत आहोत, म्हणजे उपवासकाळ पाळीत आहोत, असेही त्यांनी सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंवाचून राहिलेल्या त्या माणसांचे पंचांग चुकले नव्हते.

क्रूसावर गोन्सालो मरण पावले त्या दिवसापासून ह्या दिवसापर्यंत २६८ वर्षे लोटली होती. आणि लपलेली ती प्रजा ज्या छपराखाली प्रथम उघडपणे उभी राहिली, ते छप्पर त्यांच्याच नावाचे होते.

प्रार्थनेचे सामर्थ्य आणि तिचे गूढ

आपल्या अर्धापूरच्या शिवारात केळीच्या बागा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. घड उतरविला की केळीचे खोड शेतकरी तोडून टाकतो. परक्या मुलखाचा माणूस तो देखावा पाहील तर बाग उजाड झाली असे म्हणेल. परंतु जमिनीखाली कंद शाबूत असतो, आणि त्याच्या बाजूने मुनवे वर येतात. कोयता खोडापर्यंत पोहोचतो, कंदापर्यंत नाही. छळ करणाऱ्यांचेही असेच आहे. कान कापता येतो, घर जाळता येते, धर्मगुरू मारता येतो. परंतु प्रार्थना करणाऱ्या अंतःकरणापर्यंत कोणत्याही राजाचे शस्त्र पोहोचत नाही. हे प्रार्थनेचे सामर्थ्य होय.

तथापि एवढ्याने गूढ उलगडले असे मी म्हणणार नाही. पुढे फळ आले म्हणून त्या मातांचे अश्रू स्वस्त ठरत नाहीत. प्रकट झालेल्या उराकामीच्या त्या ख्रिस्ती जनांचाही सन १८६७ पासून पुन्हा छळ झाला. सुमारे ३,४०० जणांना घरेदारे सोडून दूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले, त्यांपैकी सहाशेहून अधिक मरण पावले, आणि सन १८७३ मध्ये बंदी उठल्यावरच उरलेले घरी परतले. त्यांनी घाम गाळून जे भव्य देवालय उभारले, ते सन १९४५च्या ९ ऑगस्टला अणुबॉम्बने जमीनदोस्त झाले. त्यांच्या वंशजांनी ते पुन्हा बांधले. असे का घडावे, हे सांगावयास मजजवळ शब्द नाहीत. गेथसेमनीच्या बागेत साक्षात देवपुत्रानेही हा प्याला टळो म्हणून पित्याची विनवणी केली, आणि तो प्याला टळला नाही. ज्या गूढापुढे प्रभूने गुडघे टेकले, तेथे आपणही गुडघेच टेकावे.

परंतु त्या मुलीला आज एवढे निश्चित सांगता येईल. बाळ, तू विचारलेस की देवाने त्यांना का वाचविले नाही. त्यांनी त्या महिनाभराच्या वाटेवर जे मागितले ते प्राणदान नव्हते. अंतापर्यंत ख्रिस्ताचा हात सुटू नये, एवढेच होते. तो सुटला नाही. सव्वीसांपैकी एकाचाही सुटला नाही, बारा वर्षांच्या लुईसचाही नाही. तारुण्यात गोन्सालो यांनी देवाला वाहिलेले जीवन मागितले होते. तेही त्यांना मिळाले, मात्र मागितलेल्या दाराने नव्हे. देव आपली विनंती ऐकतो, पण आपल्या पंचांगाने चालत नाही.

महोत्सवाच्या निमित्ताने

आपला समाज लहान आहे. कित्येक खेड्यांत आपले एकच घर, दोन घरे. धर्मगुरू महिन्यातून एखाद्या वेळीच पोहोचतात. कधी पावसापाण्याने तेही घडत नाही. अशा वेळी आपल्या घरात देवालय नाही, म्हणून उपासना नाही, असे कोणी म्हणू नये. उराकामीच्या मातांनी मातीच्या झोपडीत, चुलीपाशी बसून, एक सबंध ख्रिस्तसभा जिवंत ठेविली. आपल्यापुढे तर कोणाचे भालेही नाहीत. आपला वैरी आहे तो कंटाळा आणि विसर. संध्याकाळी दिवेलागणीला जपमाळ हाती घेणे, निजताना लेकरांकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेणे, घरातील आजीला ठाऊक असलेल्या जुन्या प्रार्थना तिच्यापाशी बसून शिकून घेणे, एवढे आपल्या हाती आहे. महोत्सवाची तोरणे चार दिवसांत सुकतील. चुलीपाशी शिकविलेली प्रार्थना मात्र पुढल्या महोत्सवाला, आणि त्याच्याही पुढल्या महोत्सवाला, आपल्या नातवंडांच्या मुखी असेल.

दरसाल ६ फेब्रुवारीस अखिल ख्रिस्तसभा संत पॉल मिकी व सोबत्यांचा स्मरणदिन पाळते. त्या सोबत्यांत आपला वसईचा एक बंधू आहे, हे स्मरून त्या दिवशी प्रत्येक घराने प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेका शब्दावर थांबून म्हणावी, अशी माझी विनंती आहे. ७६ वेळा नको. एकदाच, पण मनापासून.

वर्गात प्रश्न विचारणारी ती मुलगी आता संसाराला लागली आहे, आणि मागील वर्षी ती आपल्या लहानग्याला घेऊन मिस्साला आली होती. त्याने माझ्यापुढे हात जोडून प्रभूची प्रार्थना अर्धी म्हटली आणि उरलेली आईने ओठांनी पुरविली. मला तेव्हा निशिझाकाची टेकडी आठवली, आणि ओउराचे देवालय आठवले. तिच्या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच कडेवर घेऊन उभी होती.

वसईच्या भूमीत जन्मलेल्या, परदेशी क्रूसाला मिठी मारणाऱ्या ह्या रक्तसाक्षीच्या मध्यस्थीने दयाघन परमेश्वर आपल्या धर्मग्रामावर, येथील घराघरांवर आणि जगात जेथे जेथे कोणत्याही धर्माचा माणूस आपल्या श्रद्धेसाठी आज छळ सोशीत आहे त्या सर्वांवर कृपादृष्टी ठेवो.

आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मग्रामाचे धर्मगुरू